एका दारुड्याचे मत

गेल्या निवडणुकीत मतदान केंद्रावर माझी नेमणूक झाली होती. आदल्या रात्री शाळेच्याच वर्गात सतरंजी टाकून पडलो. यंत्रांची राखण करायची, त्यामुळे झोप येईना. पिशवीत हेन्रिक इब्सेनचे १८८२ सालचे नाटक होते, ‘जनशत्रू’. पूर्वी दोनदा वाचलेले. परंतु दुसऱ्या दिवशी लोकांच्या बोटांना शाई लावायची असताना ते वाचणे, ही गोष्ट निराळी ठरली.

कथा साधी आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यावरचे एक गाव औषधी स्नानांवर भरभराटीला येत असते. तिथला डॉक्टर स्टॉकमन याला पाण्याचा संशय येतो. तो बोभाटा करीत नाही. पाण्याचे नमुने विद्यापीठात तपासणीला धाडतो, आणि चामडी कमावणाऱ्या कारखान्यांची घाण त्यात उतरते हे सिद्ध झाल्यावरच तोंड उघडतो. नगराध्यक्ष हा त्याचाच थोरला भाऊ. दुरुस्तीसाठी दोन वर्षे स्नाने बंद ठेवावी लागतील म्हणताच भाऊ उलटतो, वर्तमानपत्र उलटते, घरमालक उलटतात. शेवटी भरसभेत मतदान होऊन डॉक्टर लोकांचा शत्रू ठरतो. त्याच्या बाजूने एकच मत पडते, आणि तेही सभेत शिरलेल्या एका दारुड्याचे! सत्यजित राय यांनी १९८९ साली ‘गणशत्रू’ चित्रपटात स्नानांच्या जागी देवळाचे तीर्थ आणले, आणि ही कथा आपल्या अंगणात येऊन उभी राहिली.

आजवर मी डॉक्टरासाठी टाळ्या वाजवीत आलो. या खेपेस मात्र त्याचा दोष डोळ्यांत भरला. पाण्याबद्दल त्याचे म्हणणे खरे. पण सभा विरुद्ध जाताच तो पाणी सोडून माणसांवर घसरतो. बहुमत कधीच शहाणे नसते, असे बजावतो. साध्या माणसांना गावठी कुत्र्यांच्या पंगतीला बसवतो. भावाला फक्त मते मोजता येतात, डॉक्टराला फक्त पाणी तपासता येते. एकाच घरात सत्य आणि संख्या यांची वाटणी झालेली! इब्सेनचे मोठेपण मला या वाटणीत दिसते.

वाचकहो, फराळाच्या ताटाशी राजकारण कशाला, असे म्हणाल. परंतु आज जगभर जे हरित पक्ष आहेत, ते या डॉक्टराचेच वंशज आहेत, आणि ही वाटणी त्यांच्याही घरात झाली आहे.

आधी संख्येचे पाहू. अमेरिकेत २००० साली अध्यक्षपदासाठी बुश आणि गोर यांची झुंज झाली. गोर यांनी पर्यावरणावर ग्रंथ लिहिलेला. तरीही ग्रीन पक्षाने राल्फ नेडर यांना उभे केले. सारा निकाल फ्लॉरिडा राज्यावर येऊन ठेपला. तिथे नेडर यांना ९७,४८८ मते पडली, आणि बुश जिंकले ५३७ मतांनी. नेडर यांच्या शंभर मतदारांतला एक जण गोर यांच्याकडे वळता, तरी निकाल फिरला असता. पुढच्याच वर्षी बुश यांनी क्योटो कराराकडे पाठ फिरवली. या मतदारांना मी अप्रामाणिक म्हणणार नाही. त्यांनी मन जपले; पण ज्या हवेसाठी जपले, तिला त्याचा उपयोग झाला नाही.

जर्मनीत मतदाराला दोन मते असतात, एक मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि दुसरे पक्षाला. त्यामुळे पहिले मत निवडून येण्याजोग्या मोठ्या पक्षाच्या माणसाला आणि दुसरे ग्रीन पक्षाला, अशी विभागणी करता येते. १९८० साली स्थापन झालेला हा पक्ष १९८३ साली ५.६ टक्के मते मिळवून संसदेत गेला. तिथे सर्वसाधारणपणे पाच टक्क्यांचा उंबरठा आहे. १९९० साली सारा देश एकीकरणाच्या उत्साहात असता या पक्षाने हवामानाचा धोका सांगितला. सांगितले ते खरेच होते. पण पश्चिम जर्मनीत ४.८ टक्क्यांवर गाडी अडली आणि तिथले ग्रीन संसदेबाहेर पडले. डॉक्टर स्टॉकमनची सभाच ती!

आता सत्याचे. डॉक्टराने आधी पाणी तपासले, मग आरोप केला. हा गुण मात्र वंशजांनी अर्धाच उचलला. हवामानाविषयी शास्त्रज्ञांचे ऐका, असे ते जगाला सांगतात, आणि योग्यच सांगतात. पण त्याच शास्त्रज्ञांचे आंतरराष्ट्रीय मंडळ अणुवीज ही कमी कर्बवायू सोडणारी वीज आहे असे सांगते, तेव्हा जर्मन ग्रीन कानांत बोटे घालतात. पक्षाचा जन्मच अणुविरोधी चळवळीतला. १९८६ सालच्या चेर्नोबिलनंतर ती भीती खोटी कोण म्हणेल? अणुकचऱ्याचा आणि खर्चाचा प्रश्नही खरा. तरीही १५ एप्रिल २०२३ रोजी शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद झाल्या, तेव्हा त्याच देशात तपकिरी कोळसा जळतच होता. फिनलंडच्या हरित पक्षाने मात्र २०२२ साली आपले जुने मत बदलून अणुवीज स्वीकारली. नमुना पुन्हा तपासून मत बदलणे यात हार नाही. मी मॅट्रिक झालेला मास्तर; पण उत्तर चुकले की खोडून पुन्हा लिहावे, एवढे मुलांना शिकवतो.

मग मतदाराने करावे काय? मला वाटते, दोन्ही भावांचे गुण एका अंगी आणावे. पसंतीचा उमेदवार येणार नसेल तर कमी वाईट माणसाला मत देणे हे पाप नव्हे. मत उसने देता येते. मात्र ते देताना आपले मन गहाण टाकू नये. आणि आवडत्या पक्षालाही ‘पाणी तपासलेत का?’ असे विचारल्यावाचून सोडू नये.

पहाटे पुस्तक मिटले आणि वर्गाची दारे उघडली. रांग लागली होती. शाई लावताना पुन्हा पुन्हा तो दारुडा आठवत राहिला. त्याने डॉक्टराला मत का दिले, हे इब्सेन सांगत नाही. पण सत्याच्या पदरी पडलेले एकमेव मत शुद्धीवर नसलेल्याचे निघावे, यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. शुद्धीवर असलेले बाकी सगळे तिथेच बसले होते.