पुसणारा हात कुणाचा?

शब्दांची झडती घेतल्याशिवाय त्यांना घरात घेऊ नये, हे आपल्या चळवळीने आपल्याला शिकवले. १९३८ साली मुंबई विधिमंडळात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रश्न आला, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य निषेध म्हणून सभागृहाबाहेर पडले. आपले नाव दुसऱ्याने ठेवायचे आणि आपण त्याला ओ द्यायची, हे त्यांना मान्य नव्हते. दलित साहित्याची समीक्षा याच बाण्याने उभी राहिली. प्रस्थापितांचे शब्द तिने उलटेपालटे करून पाहिले. आज मला दोन नवे शब्द असे तपासायचे आहेत. ते आपल्या प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहेत. एक ‘क्लाउड’ आणि दुसरा ‘डिलीट’.

याला कारण माझ्याच घरात घडले. माझी आई सफाई कामगार होती. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिला. तिच्या निवृत्तीच्या आधी एका पहाटे मी तिच्याबरोबर गेलो आणि रस्ता झाडताना तिचा फोटो काढला. हातात खराटा, डोक्याला फडके, मागे कचऱ्याचा गाडा. पुढे मी प्राध्यापक झालो. स्टाफरूममध्ये मोबाइल हातोहात फिरतो. एके दिवशी मी तो फोटो डिलीट केला. खात्री आहे का, असे यंत्राने विचारले. मी ‘होय’ दाबले. वर्गात मी आत्मकथनांतील नकार आणि विद्रोह शिकवीत होतो, आणि खिशातल्या खिशात आईला पुसत होतो. चार वर्षांनी नवा मोबाइल घेतला. जुने खाते उघडताच तो फोटो एका सहकाऱ्याच्या देखत समोर आला. मी केवळ मोबाइलमधली प्रत काढली होती. कंपनीच्या साठ्यातली प्रत जशीच्या तशी होती.

क्लाउड म्हणजे ढग. ढगाला मालक नसतो, तो कुणाच्याही रानावर बरसतो, असा भास हा शब्द निर्माण करतो. पाणवठ्यालासुद्धा मालक असतो हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले, त्यांनी या भासाला भुलू नये. हा ढग जमिनीवर आहे. नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या पट्ट्यात त्याच्या इमारती उभ्या आहेत. आत संगणकांच्या रांगा, अखंड वीज, गारवा राखणारी यंत्रे, बाहेर पहारेकरी. आपले फोटो राहतात ते अशा कुणाच्या तरी मालकीच्या वाड्यात.

‘डिलीट’चा अर्थ आपण पाटी पुसण्यासारखा घेतो. संगणकात तसे घडत नाही. बहुधा आधी यादीतली नोंद खोडली जाते आणि ती जागा मोकळी धरली जाते. तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर तिथेच राहू शकतो. शिवाय एक यंत्र बिघडले तरी फोटो जाऊ नये म्हणून त्याच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवलेल्या असतात. त्या सगळ्या पुसाव्या लागतात. गूगल फोटोजमध्ये साठवलेला फोटो काढला तरी ६० दिवस कचरापेटीत राहतो. चूक सुधारण्यासाठी ही मुदत असते, त्याविषयी तक्रार नाही. प्रश्न मुदतीनंतरचा आहे. फेसबुकवरून काढलेल्या फोटोंचा थेट पत्ता ठाऊक असेल तर ते तसेच उघडतात, हे २००९ मध्ये पत्रकारांनी उघड केले. २०१२ उजाडले तरी काही फोटो उघडतच होते. ड्रॉपबॉक्समध्ये २०१७ च्या जानेवारीत अनेकांच्या खात्यांत कित्येक वर्षांपूर्वी पुसलेल्या फायली परत आल्या. कंपनीने तांत्रिक दोष मान्य केला. म्हणजे ‘डिलीट’ हा आपल्या हातचा हुकूम नाही, तो दुसऱ्याकडे केलेला अर्ज आहे.

यात आपले काय, असे एखादा कार्यकर्ता विचारील. नोंदवही कुणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न आपला नाही तर कुणाचा? १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी माणसांच्या जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदवल्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. पोलिसी संशय मात्र विमुक्तांची पाठ सोडीना. तुरुंगांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका, हे सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगावे लागले. कायदा पुसला तरी नोंद जगते, हे आपल्याला कोणत्याही कंपनीच्या आधीपासून ठाऊक आहे.

पण म्हणून ‘सगळे पुसा’ ही आपली मागणी होऊ शकत नाही. २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना उघड्यावर मारहाण झाली. तिची चित्रफीत देशभर पसरली, अत्याचाराची साक्ष ठरली आणि तिने आंदोलन उभे केले. ती पुसणे म्हणजे अत्याचाऱ्यांची सोय करणे. तरीही मार खाणाऱ्याचे उघडे अंग शेकडो मोबाइलांत कायमचे राहावे का, हे त्याला कुणी विचारले? आपल्या मोर्चांत, अत्याचारग्रस्त वस्त्यांच्या भेटींत आपणही भराभर फोटो काढतो. आपण तरी विचारतो का?

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क आला. नियम अधिसूचित व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि या हक्काच्या अंमलबजावणीला आणखी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. कायदा हवाच. पण त्या हक्काची भाषा अर्ज करणाऱ्याची आहे, आणि अर्ज लिहिता येत नाही अशी माणसे अजून आपल्या घराघरांत आहेत.

शेवटी मी आईला सगळे सांगितले. फोटो मीच पुसला होता, हेही सांगितले. तिने विचारले, “का रं काढला हुतास?” मला उत्तर देता आले नाही. लाज तिच्या खराट्याची नव्हती, माझ्या नव्या खुर्चीची होती. फोटो परत आला याचा मला आनंद झाला, पण त्याचे श्रेय मी कंपनीला देणार नाही. मी पुसताना आईला विचारले नव्हते आणि कंपनीने ठेवताना विचारले नव्हते.

आईने फोटो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. म्हणाली, “ऱ्हाऊ दे. पर मागं गाड्यापाशी उभी हाय तिला इचारलंस का?”

इतकी वर्षे त्या फोटोत दुसरी एक बाई आहे हे मी पाहिलेच नव्हते. पुढच्या रविवारी आम्ही दोघे तिच्या वस्तीत जाणार आहोत. ती ‘नको’ म्हणाली, तर तो फोटो मी सगळ्या ठिकाणांहून काढण्याची खटपट करीन. यंत्र ते कितपत ऐकेल, हे मात्र मला तिला प्रामाणिकपणे सांगावे लागेल.