आपापला डेल्टा : वास्तव विश्लेषणाच्या मराठीची एक चिकित्सा

गणिताच्या पाठ्यपुस्तकाची समीक्षा साहित्याच्या अंकात करण्याची आपल्याकडे प्रथा नाही. सूत्रे आणि आकृत्या वगळल्या तर त्या पुस्तकात उरते काय, असा प्रश्न त्यामागे असतो. वास्तव विश्लेषण, म्हणजे विद्यार्थी ज्याला ‘रिअल ॲनालिसिस’ म्हणतात, त्या विषयापुरते या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : उरते ते गद्य. या विषयात आकडेमोड थोडी आणि वाक्ये फार. ‘प्रत्येक’, ‘असा एखादा’, ‘कितीही’, ‘तर’, ‘तरी’ या शब्दांवर सगळी इमारत उभी असते आणि त्यांचा क्रम बदलला की सिद्धान्त बदलतो. म्हणून हा विषय शिकणे हे बऱ्याच अंशी एका विशिष्ट प्रकारचे गद्य वाचायला आणि लिहायला शिकणे आहे. ते गद्य मराठी विद्यार्थ्याच्या वाट्याला कोणत्या रूपात येते, याची तपासणी येथे करायची आहे.

ही तपासणी संगमनेरसारख्या गावाच्या अंगाने केली तर प्रश्न नीट दिसतो. प्रवराकाठच्या या गावात १९६१ साली महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या लांबलचक नावात नगरपालिकेचे नाव आजही पहिले आहे. गावाने आपले म्हणून उभे केलेल्या संस्थेची ती खूण आहे. संगमनेर, अकोले, सिन्नर या पट्ट्यातील मराठी शाळांमधून आलेला विद्यार्थी अशा महाविद्यालयात विज्ञान शाखेत येतो. नववीच्या पुस्तकात त्याने ‘वास्तव संख्या’ हे प्रकरण मराठीत वाचलेले असते; २ चे वर्गमूळ अपरिमेय आहे हे त्याला मराठीत पटलेले असते. दहावीत ‘क्रमिका’ आणि ‘अंकगणित श्रेढी’ हे शब्द त्याच्या हाती येतात. अकरावीत भाषा बदलते. क्रमिकेची ‘सीक्वेन्स’ होते, अपरिमेयाचे ‘इर्रॅशनल’ होते. पदवीच्या वर्गात एप्सिलॉन आणि डेल्टा समोर येतात, तेव्हा ज्या भाषेत त्याने आयुष्यभर वाद घातला, अटी घातल्या, पळवाटा शोधल्या, ती भाषा वहीबाहेर गेलेली असते.

यावरचे नेहमीचे निदान असे, की इंग्रजी कच्चे म्हणून विश्लेषण अवघड. हे निदान मला अपुरे वाटते. सीमेच्या व्याख्येतील इंग्रजी शब्द मोजके आणि सोपे आहेत. ते दोन दिवसांत पाठ होतात. अडचण शब्दांच्या क्रमात आहे. आणि त्या क्रमाबाबत मराठीकडे स्वतःची, अतिशय नेमकी साधने असताना आपल्या परिभाषाकारांनी त्यांच्याकडे पाहिलेच नाही, हा या लेखाचा मुख्य आक्षेप आहे.

प्रथम शब्दांचा इतिहास पाहू. एकोणिसाव्या शतकातील मराठीत ‘डिफरन्शियल कॅल्क्युलस’साठी ‘शून्यलब्धि’ हा शब्द वापरला गेला. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांच्या ग्रंथांच्या यादीत या विषयावरच्या पुस्तकाची नोंद येते. लब्धि म्हणजे भागाकाराचे फळ. दोन राशींमधील फरक शून्याकडे नेला असता भागाकारातून जे हाती लागते, ते शून्यलब्धि. या शब्दाचे मोल असे, की त्यात विषयाची शंका उघडी आहे. शून्याला शून्याने भागून काही मिळते म्हणजे काय? भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ असे वेगळे नाव आहे; म्हणजे येथे काही निराळे घडते ही जाणीव आपल्या परंपरेत जुनी होती. युरोपात बिशप बर्कले यांनी १७३४ साली याच जागेवर बोट ठेवले होते. कोशीने १८२१ च्या ‘कूर्स दानालीझ’ या ग्रंथात आणि पुढे वायरश्ट्रासने आपल्या अध्यापनातून ज्या शंकेचे निरसन केले, ती शंका मराठीने आपल्या पहिल्या पारिभाषिक शब्दातच नोंदवून ठेवली होती.

नंतर शब्द सुधारले. ‘अवकलन’, ‘संकलन’, ‘अभिसारी’, ‘परिबद्ध’, ‘सीमा’ असे घोटीव शब्द आले. ते वाईट नाहीत, पण त्यांची घडण नामापुरती आहे. इंग्रजी नामाशेजारी संस्कृत नाम ठेवले की काम झाले, अशी ही पद्धत. ‘सीमा’ हा शब्दच घ्या. सीमा म्हटली की शिवेचा दगड डोळ्यांसमोर येतो. तिथवर जायचे, ओलांडायचे नाही. आता १, उणे १/२, १/३, उणे १/४ अशी क्रमिका पाहा. तिची सीमा शून्य आहे आणि ती दर पावलाला शून्य ओलांडते. ३, ३, ३ या क्रमिकेची सीमा ३ आहे आणि ती पहिल्या पदापासून सीमेवरच बसून आहे. शिवेचे चित्र दोन्ही ठिकाणी फसते. इंग्रजी ‘लिमिट’मध्येही हाच दोष आहे, हे खरे. परंतु नवा शब्द घडवताना जुना दोष जसाच्या तसा उचलण्याची सक्ती नव्हती. शून्यलब्धीने निदान प्रश्न विचारला होता. ‘सीमा’ प्रश्न सुटल्याचा भास निर्माण करते.

याहून मोठी उणीव वाक्याच्या पातळीवर आहे. एक साधे मराठी वाक्य घेऊ : ‘प्रत्येक शेताला पाणी देणारी विहीर आहे.’ याचे दोन अर्थ होतात. शेतागणिक वेगळी विहीर आहे. किंवा सगळ्या शिवाराला मिळून एक विहीर आहे. शेतकरी बोलताना हा घोटाळा राहू देत नाही. तो म्हणतो, ‘ज्याला त्याला आपापली विहीर आहे,’ किंवा म्हणतो, ‘सगळ्यांत मिळून एकच विहीर आहे.’ ‘आपापला’ आणि ‘एकच’ या दोन शब्दांनी तो जो भेद करतो, त्याच भेदावर विश्लेषणातील दोन मूलभूत संकल्पना उभ्या आहेत. फलन संतत आहे, म्हणजे एप्सिलॉन ठरल्यावर प्रत्येक बिंदूला आपापला डेल्टा आहे. फलन एकसमान संतत आहे, म्हणजे एप्सिलॉन ठरल्यावर सगळ्या बिंदूंना मिळून एकच डेल्टा आहे.

उदाहरणाने हे पक्के होते. संख्येला तिचा वर्ग जोडणारे फलन घ्या आणि एप्सिलॉन १ धरा. १० या बिंदूपाशी सुमारे १/२० एवढा डेल्टा पुरतो. १००० पाशी सुमारे १/२००० एवढा लागतो. जसजसे पुढे जावे तसतसा डेल्टा आकसत जातो आणि संपूर्ण रेषेला पुरेल असा एकही डेल्टा उरत नाही. मात्र ० ते १००० एवढ्याच बंदिस्त अंतरालात राहिले, तर सर्वांत टोकाच्या बिंदूचा डेल्टा सगळ्यांना पुरतो. बंदिस्त आणि परिबद्ध अंतरालावरचे प्रत्येक संतत फलन एकसमान संतत असते, हा हाइनेने १८७२ मध्ये सिद्ध करून प्रसिद्ध केलेला सिद्धान्त. आपल्या भाषेत त्याचा आशय असा : अशा अंतरालात ‘आपापला’ पासून ‘एकच’ पर्यंत जाता येते. विहिरी मोजक्या असतील तर सर्वांत लहान विहीर दाखवता येते; त्या अगणित असतील तर अशी लहानात लहान विहीर असेलच असे नाही. अगणितांतून मोजक्यांवर येण्याची ही सोय म्हणजेच संहतता.

हा भेद सोपा आहे असे समजू नये. अभिसारी श्रेढीची सर्व पदे संतत असतील तर तिची बेरीजही संतत असते, असे खुद्द कोशीने १८२१ मध्ये लिहिले. आबेलने १८२६ मध्ये त्याला अपवाद दाखवला. अभिसरण बिंदूगणिक वेगवेगळ्या वेगाने होते की सगळीकडे एका वेगाने, हा फरक १८४७-४८ च्या सुमारास स्टोक्स आणि सायडेल यांनी स्वतंत्रपणे ओळखला आणि वायरश्ट्रासच्या हाती त्याला आजचे स्थान मिळाले. युरोपातील अव्वल गणितज्ञांना जो क्रम उलगडायला पाव शतक लागले, तो पदवीच्या विद्यार्थ्याला एका तासात परक्या वाक्यरचनेतून कळावा, ही अपेक्षा आपण कशाच्या बळावर करतो?

मराठीची दुसरी शक्ती ‘कितीही… तरी’ या जोडीत आहे. ‘एप्सिलॉन कितीही लहान घ्या, त्याला पुरून उरेल असा डेल्टा सापडतोच,’ हे वाक्य व्याख्या आहे आणि चांगली मराठीही आहे. त्यात आव्हान देणारा आणि आव्हान स्वीकारणारा असे दोन पक्ष आपोआप उभे राहतात. नकाराची बाजूही तेवढीच स्वच्छ उतरते : ‘असा एक एप्सिलॉन आहे, की डेल्टा कितीही लहान घेतला तरी त्याच्या आत एखादा बिंदू दगा देतोच.’ व्याख्येचा नकार लिहिणे ही विद्यार्थ्यांची ठरलेली ठेच. मराठीत ती ठेच निम्मी कमी होते, कारण ‘कितीही’ची जागा बदललेली कानाला लगेच कळते.

आता पुस्तकांकडे वळू. पुणे विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला अनेक वर्षे रिचर्ड गोल्डबर्ग यांचे ‘मेथड्स ऑफ रिअल ॲनालिसिस’ (१९६४) हे पुस्तक नेमलेले होते. त्याची मांडणी शहाणी आहे. आधी क्रमिका, मग श्रेढी आणि त्यानंतरच फलनाची सीमा. डेल्टाच्या आधी विद्यार्थी केवळ ‘अमुक पदापासून पुढे’ या एका अटीशी झुंजतो. पण फलनाची सीमा आणि मेट्रिक अवकाश चौथ्या प्रकरणात एकत्र येतात आणि रेषेवर अजून पाय न स्थिरावलेला विद्यार्थी अमूर्तात लोटला जातो. अमेरिकी वर्गात शेजारी शिक्षक आणि चर्चा गृहीत धरून लिहिलेले ते गद्य आहे. तालुक्याच्या गावी एकट्याने वाचणारा वाचक त्याच्या नजरेसमोर नाही.

सुधीर घोरपडे आणि बालमोहन लिमये या मुंबई आयआयटीतील प्राध्यापकांचे ‘अ कोर्स इन कॅल्क्युलस अँड रिअल ॲनालिसिस’ (२००६) या बाबतीत अधिक समजूतदार आहे. सांतत्याची व्याख्या ते क्रमिकांच्या आधारे देतात आणि एप्सिलॉन-डेल्टाचे रूप नंतर समतुल्य म्हणून आणतात. फलनाचा चढउतार, बहिर्वक्रता, मधली मूल्ये घेण्याचा गुण हे सारे ते अवकलनाच्या आधी, स्वतंत्रपणे ओळखीचे करून देतात. लॉगॅरिथम आणि त्रिकोणमितीय फलने शाळेतून आली म्हणून गृहीत न धरता संकलनातून रीतसर उभी करतात. प्रकरणाअखेरच्या टिपांमध्ये निवड अशी का केली, हे सांगतात. वाचकाला कारण देणे हा गद्यलेखनातील सभ्यपणा आहे आणि तो या पुस्तकात आहे. तरीही दोन मराठी भाषक गणितज्ञांनी लिहिलेले हे पुस्तक इंग्रजीत आहे. ते स्वाभाविकच आहे. पण त्याच्या तोडीचे मराठी पुस्तक विद्यार्थ्याच्या हाती नाही.

यावर आक्षेप येईल की पुढे एम.एस्सी., नेट, संशोधन सारे इंग्रजीतच आहे. मराठीचा हट्ट विद्यार्थ्याचेच नुकसान करील. आक्षेप रास्त आहे आणि मी इंग्रजी सोडा असे म्हणत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मातृभाषेतील उच्च शिक्षणाचा आग्रह आहे. तो आग्रह इंग्रजी पुस्तकांचे शब्दशः भाषांतर करून पुरा झाला, तर ‘परिबद्ध’ आणि ‘अभिसारी’ यांची गर्दी वाढेल आणि विद्यार्थी तीच सिद्धता दुसऱ्या लिपीत पाठ करील. माझे म्हणणे विचाराच्या कच्च्या वहीविषयी आहे. सिद्धता आधी बोलीच्या वाक्यात जुळवावी, कोण आधी आणि कोण नंतर हे ‘आपापला’, ‘एकच’, ‘कितीही’ यांनी पक्के करावे, मग ती इंग्रजीत उतरवावी. पाठांतराने परीक्षा पार पडते, पण तशी सिद्धता अट जराशी बदलली की कोसळते. बोलीत जुळवलेली सिद्धता कोठे मोडली हे दाखवता येते, आणि मोडलेली जागा दाखवता येणे हेच या विषयाचे शिक्षण आहे.

संगमनेरचे शाहीर अनंत फंदी रूढ वाट न सोडण्याचा उपदेश करणाऱ्या फटक्यासाठी प्रसिद्ध आहेत. विश्लेषणाचा इतिहास नेमका उलट आहे. सगळीकडे संतत पण कोठेही अवकलनीय नसलेले फलन वायरश्ट्रासने १८७२ मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे ठेवले, तेव्हा पायाखालची धोपट वाट खचली आणि विषय पुढे गेला. मात्र फंदींकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे : समोरच्या माणसाला कळेल, कानात राहील आणि दुसरा अर्थ निघणार नाही अशा वाक्यात सांगणे. परिभाषाकोश आपल्याकडे आहेत. आता गरज आहे ती शे-दीडशे पानांच्या अशा मराठी पुस्तकाची, ज्यात संज्ञा हव्या तर इंग्रजीच राहोत, पण वाक्ये मराठी असतील.