'झीज' की 'तूट' : वार्धक्यातील स्नायूंविषयीच्या मराठी लेखनाचा विचार

वार्धक्यात हातापायांचे बळ का ओसरते, हे सांगणाऱ्या मराठी लेखनात 'झीज' आणि 'पेशीचे ऊर्जाकेंद्र' हे दोन शब्दप्रयोग वारंवार आढळतात. दोन्ही सोयीचे आहेत आणि दोन्ही वाचकास चुकीच्या वाटेने नेतात.

मुळात परिभाषाच गुंतागुंतीची आहे. सुश्रुतसंहितेत पेशी 500 व स्नायू 900 सांगितले आहेत. तेथे 'पेशी' म्हणजे मांसपिंड व 'स्नायू' म्हणजे बांधून धरणारे बंध. हिंदीने 'मांसपेशी' राखली. मराठीने 'पेशी' हे नाव सूक्ष्म घटकास दिले व मांसपिंडास 'स्नायू' म्हटले. रूढी झाली ती झाली. मायटोकाँड्रियासाठी योजलेला 'तंतुकणिका' हा शब्द मात्र चोख आहे. कार्ल बेंडा याने 1898 मध्ये 'धागा' व 'कण' या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून घडविलेल्या नावाचा तो सरळ अनुवाद होय.

'ऊर्जाकेंद्र' म्हटले की एकदा उभारलेली व कालांतराने जुनी होणारी इमारत डोळ्यांपुढे येते. तंतुकणिकांचे तसे नाही. त्या जुळतात, विलग होतात. बिघडलेली कणिका पेशी स्वतःच मोडते, तिचे द्रव्य पुन्हा वापरते आणि नव्या घडविते. वार्धक्यात हा व्यवहार मंदावल्याचे व सदोष कणिका साचल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. (मज्जातंतूंचा ऱ्हास, अपुरा आहार, बैठे जीवन हीही कारणे आहेतच, सारा दोष कणिकांच्या माथी मारणे युक्त नव्हे.)

चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीत 'झीज' हा शब्द तर विशेषच तपासावयास हवा. कानशीखाली चांदीचे वजन घटते. परंतु तो कीस कोणी फेकीत नाही. तो गोळा करून आटवितात. सराफी दुकानांतील केरातून धातू काढणारा झारेकरी तर मराठीस जुनाच परिचित. ज्या व्यवसायात झीज रोजची, तेथेही ती अखेरची नसते! मग हाताची पकड ढिली पडलेल्या वृद्ध कारागिराने 'स्नायूंची झीज' असे वाचून स्वस्थ बसावे, असे लिहिणाऱ्याने का लिहावे? हॉलोझी यांनी 1967 मध्ये दाखविले की, नियमित धावविलेल्या उंदरांच्या स्नायूंतील तंतुकणिकांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे दुप्पट होते. बोस्टन येथे 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सरासरी 90 वर्षे वयाच्या वृद्धांच्या पायांचे बळ आठ आठवड्यांच्या भारव्यायामाने दुपटीहून अधिक झाले.

रोझेनबर्ग यांनी 1989 मध्ये या अवस्थेस 'सार्कोपीनिया' हे नाव दिले. त्याचा अर्थ मांसाची उणीव. मराठीत 'मांसाची तूट' म्हणावयास काहीच अडचण नाही. तूट काही अंशी तरी भरून निघू शकते, हे पेढीवरच्या वाचकास निराळे सांगावे लागत नाही.