नाव, गाव आणि गुण

पालमसारख्या तालुक्याच्या गावी आपला मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करू लागला, की घरातली वडीलधारी माणसे विचारतात, ‘लेखी निघेल रे बाबा, पण मुलाखतीत नाव ऐकल्यावर?’ ही शंका हसण्यावारी नेऊ नये, तशी ती तपासल्यावाचून मानूही नये, असे आम्हांस वाटते.

१९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ‘अजय हासिया विरुद्ध खालिद मुजीब’ हा निकाल दिला. प्रकरण नोकरीचे नव्हते, श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचे होते. लेखीला १०० गुण, तोंडीला ५०. तोंडी परीक्षा दोन-तीन मिनिटांची, आणि प्रश्न आईवडिलांचे, राहण्याच्या ठिकाणाचे! मुलाखतीला इतके गुण ठेवणे मनमानीचे आहे, असे न्यायालयाने ठरवले. १९८५ साली हरियाणाच्या अशोककुमार यादव खटल्यात लोकसेवा भरतीसाठी १२.२ टक्क्यांची मर्यादा सुचवली. आज केंद्रीय परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण, म्हणजे साडेतेरा टक्के, मुलाखतीचे आहेत. मंडळाला लेखीचे गुण कळत नाहीत, हे चांगलेच. नाव मात्र समोरच असते.

आता दुसरी बाजू. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात भारतीय प्रशासकीय सेवेत मुसलमान ३ टक्के दिसले. पण मुख्य परीक्षेला बसणाऱ्यांतच ते पाच टक्क्यांच्या आत होते आणि बसलेल्यांचे यश इतरांच्या जवळपास होते. म्हणजे गळती मुलाखतीच्या दाराशी नव्हे, फार आधी, शाळेच्या वाटेवर होते.

आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील रिक्षाचालकाचा मुलगा अन्सार शेख २०१५ च्या परीक्षेत ३६१ वा आला. पुण्यात खोली मिळावी म्हणून त्याला ‘शुभम’ हे नाव सांगावे लागले होते. मुलाखतीत मात्र अन्सार म्हणूनच तो बसला आणि निवडला गेला. तेथे आपल्याला शिया की सुन्नी असे विचारले गेले व आपण ‘भारतीय मुसलमान’ असे उत्तर दिले, असे त्याने नंतर सांगितले. उत्तराचे कौतुक झाले. आम्हांला प्रश्न खटकतो. जिल्हा सांभाळण्याशी त्याचा संबंध काय?

म्हणून मागणी दुहेरी हवी. आयोगाकडे : प्रश्न कामाचे विचारा आणि त्यांची नोंद ठेवा. आणि आपल्या घराकडे : नावाच्या भीतीने अर्जच भरला नाही, तर त्या पोराला नापास आपणच केले.