न परतलेल्या विमानाचा डाव

२१ नोव्हेंबर १९१५. बगदादच्या खालच्या अंगाला, तैग्रीसच्या काठी, टेसिफॉनच्या प्राचीन कमानीच्या पुढ्यात ब्रिटिश जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन येऊन ठेपली आहे. दुसऱ्या दिवशी हल्ला करायचं ठरलं आहे. मेजर रायली विमान घेऊन तुर्कांच्या फळीवर जातो. आधीच्या पाहणीत नसलेलं ताज्या दमाचं सैन्य त्याला तिथे दिसतं. ती बातमी परत पोचायच्या आत जमिनीवरून झालेल्या गोळीबारात विमान निकामी होतं, रायली खाली उतरतो आणि पकडला जातो. त्याच्याजवळचा नकाशाही तुर्कांच्या हाती पडतो. टाउनशेंडला यातलं काहीच कळत नाही. २२ तारखेला ठरल्याप्रमाणे हल्ला होतो, सुमारे ४,६०० माणसं कामी येतात किंवा जखमी होतात, आणि उरलेली डिव्हिजन कूतपर्यंत माघार घेते.

पहिल्या महायुद्धातल्या विमानांवरचे बैठे युद्धखेळ गेली साठ वर्षं निघत आहेत. त्यांतले बरेचसे मी खेळलो आहे, काही तर चकत्यांच्या कडा झिजून पुठ्ठा दिसू लागेपर्यंत. तरी वरचा प्रसंग मांडायला बसलो की त्यांतला एकही नावाजलेला खेळ कामी येत नाही. कारण या प्रसंगात हवेत दुसरं विमानच नाही. एक माणूस काहीतरी पाहतो आणि ते सांगायला परत येत नाही, एवढंच घडतं. लष्करी विमानाच्या पहिल्या वर्षांचा गाभा मला इथे दिसतो, आणि खेळ रचणाऱ्यांनी नेमका तोच बाजूला ठेवला आहे.

झुंज मात्र त्यांनी फार सुरेख साधली आहे. १९८० साली आलेला आल्फ्रेड लिओनार्डी यांचा 'एस ऑफ एसेस' घ्या. पट नाही, फासे नाहीत, दोन गड्यांच्या हातात दोन छोटी पुस्तकं. प्रत्येक पानावर आपल्या विमानात बसून दिसणारं दृश्य: शत्रूचं विमान कुठल्या बाजूला आहे, किती लांब आहे, त्याचं तोंड कुठे वळलं आहे. चित्राखाली आपल्याला करता येतील अशा हालचाली आणि त्यांचे पानांचे आकडे. दोघांनी मनाशी हालचाल ठरवायची, एकमेकांना आकडा सांगायचा, पानं उलटायची. पान उघडतं आणि शत्रू नेमका पाठीमागे आलेला असतो. त्या क्षणी मान खरोखर मागे वळते, हे मी स्वतःच्या बाबतीत अनेकदा पाहिलं आहे. भूमितीचं एवढं मोठं कोष्टक खिशात मावणाऱ्या चित्रांमागे दडवणं हे या कलेतलं एक शिखर आहे.

दुसरं शिखर इटलीतलं. आंद्रेआ आंजोलिनो आणि पिएर जॉर्जो पालिया यांचा 'विंग्ज ऑफ वॉर' २००४ मध्ये आला. पुढे तो 'विंग्ज ऑफ ग्लोरी' या नावाने निघू लागला. यात षटकोनी घरांचा पट काढून टाकला आहे. साधं जेवणाचं टेबल पुरतं. प्रत्येक विमानाला स्वतःचा पत्त्यांचा जोड, प्रत्येक पत्त्यावर एका वळणाचा बाण. तीन चाली आधीच ठरवून पालथ्या घालायच्या, मग एकेक उघडायची: पत्ता विमानाच्या नाकाशी लावायचा आणि विमान बाणाच्या टोकाशी सरकवायचं. पहिली चाल जमते, दुसरी अंदाजाने लागते, तिसरी उघडेपर्यंत शत्रू भलतीकडेच गेलेला असतो, आणि आपल्याला मात्र ठरवलेलं वळण घ्यावंच लागतं. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला हा खेळ दहा मिनिटांत समजला. कुठलं विमान डावीकडे चटकन वळतं, कुठलं जड आहे, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. हातातल्या पत्त्यांनीच सांगितलं.

यांच्या आधीचे आणि आसपासचे खेळही तोलामोलाचे होते. माइक कार यांचा 'फाइट इन द स्काइज' १९६६ पासूनचा, पुढे 'डॉन पेट्रोल' नावाने छापला गेलेला. त्यात गडी एकच वैमानिक मोहिमेमागून मोहिमेला नेतो, आणि वहीतला तो माणूस जगवण्याची काळजी हळूहळू अंगी लागते. १९८३ चा 'ब्लू मॅक्स' चपळ आणि नेटका. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. १९७२ च्या 'रिश्टहोफेन्स वॉर'मध्ये रँडल रीड यांनी छायाचित्रण, तोफखान्यासाठी निरीक्षण, बलून पाडणं अशा कामगिऱ्या घातल्या, हे त्यांचं मोठेपण. पण खेळताना कळतं, की छायाचित्र म्हणजे ठरलेल्या घरांवरून विमान नेणं. घरं ओलांडली, गुण मिळाले. फोटोत काय आलं, हे कुणी विचारत नाही.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. हे सगळे खेळ एकाच प्रश्नाचं उत्तर देतात: कोण कुणाच्या शेपटीवर बसणार? तो प्रश्न खरा आहे, पण तो उशिराचा. १ एप्रिल १९१५ ला फ्रेंच वैमानिक रोलाँ गारोसने पंख्याच्या पात्यांना पोलादी पाचरी बसवून समोर गोळीबार केला, त्या उन्हाळ्यात जर्मनांच्या फोकरचं पंख्याच्या फेऱ्यांशी जुळवलेलं मशीनगनचं यंत्र आलं, आणि तिथून झुंजीचं युग सुरू झालं. त्याच्या आधीची वर्षं? १ नोव्हेंबर १९११ ला इटालियन वैमानिक जूलिओ गावोत्ती लिबियात हातगोळे घेऊन एकटा उडाला, ते पहिलं हवाई बाँबफेकीचं उड्डाण. ३ सप्टेंबर १९१४ ला पॅरिसच्या ईशान्येला वैमानिकांनी पाहिलं, की जर्मन सेनापती फॉन क्लुकचं सैन्य पॅरिसकडे न येता आग्नेयेला वळतंय. मार्नची लढाई त्या पाहण्यावर उभी राहिली. झुंजीचं युग आल्यावरही झुंज पाहण्यासाठीच होती. जर्मन वैमानिक रिश्टहोफेनच्या ८० बळींमध्ये दोन आसनी, टेहळणीच्या आणि तोफखान्याच्या विमानांचाच मोठा भरणा आहे. खेळांच्या खोक्यांवर मात्र चित्र असतं ते त्याच्या लाल विमानाचं.

पाडलेल्या विमानांच्या आकड्यांचा हा मोह प्रसंग रचणाऱ्यालाही सुटत नाही. हिंदुस्थानी वैमानिक घ्यायचा म्हटलं की इंद्रलाल रॉय चटकन डोळ्यांत भरतात: जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विमानं पाडली आणि त्याच महिन्यात, विशीही ओलांडायच्या आत, ते गेले. त्यांच्याआधी काही आठवडे, जूनच्या अखेरीस, मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर सॉपविथ डॉल्फिन चालवताना पाडले गेले. त्यांच्या नावापुढे रॉयांसारखा आकडा नाही. म्हणून त्यांच्यासाठी प्रसंगही नाही. जो परत आला नाही, त्याने त्या दिवशी आकाशातून काय पाहिलं असेल, हा खेळाचा विषय होऊ शकतो असं आपल्याला वाटतच नाही.

एक अपवाद मनापासून नोंदवतो. टेरी सायमो यांचा 'ब्लडी एप्रिल' (२०१२) फ्रान्समधल्या अरासच्या आकाशातल्या १९१७ च्या एप्रिलचा खेळ आहे. ब्रिटिशांनी त्या एका महिन्यात २४५ विमानं गमावली. इथे खेळाडू एक विमान चालवत नाही, तुकड्या पाठवतो. फोटो काढणारी आणि तोफांचा नेम सुधारणारी संथ विमानं डावाच्या मध्यभागी आहेत, आणि लढाऊ विमानं त्यांच्याभोवती. ती जाडजूड नियमावली पचवायला कित्येक रविवार जातात. पण या खेळाने प्राधान्यक्रम बरोबर लावला, आणि माझ्या लेखी ते फार आहे.

मग इतरांना तो का लावता आला नाही? एक कारण समतोलाचा हट्ट. दोन्ही गड्यांना जिंकायची सारखी संधी हवी, असं आपण गृहीत धरतो. बीई टू सी या ब्रिटिश विमानात निरीक्षक पुढच्या आसनावर, तारा आणि दांड्यांच्या जाळ्यात बसायचा. त्याला धडपणे बंदूक रोखता येत नसे. त्याच्यासमोर फोकर ठेवला की समतोल उरत नाही. म्हणून रचनाकार १९१५-१६ चा हिवाळा टाळून १९१७ मध्ये जातात, जिथे दोन्हीकडे चांगली विमानं आहेत. उपाय कठीण नाही. टेहळणीच्या विमानाने जिंकणं म्हणजे परत येणं, असं धरा. किंवा बाजू बदलून दोनदा खेळा. १४ जानेवारी १९१६ ला ब्रिटिशांना हुकूम काढावा लागला, की टेहळणीच्या प्रत्येक विमानाबरोबर किमान तीन लढाऊ विमानं जावीत. तो हुकूम का निघाला, हे विषम डावाच्या पहिल्या अर्ध्या तासातच गड्याला समजतं.

दुसरं कारण वेळेचं. झुंज चार मिनिटांची, टेहळणी दोन-तीन तासांची. पटावर चार मिनिटं फुगवणं सोपं, तीन तास आटवणं अवघड. आणि तिसरं, वारा. बहुतेक पटांवर हवा स्थिर असते. खरं तर पश्चिम आघाडीवर वारा बहुधा पश्चिमेकडून. तो ब्रिटिश विमानांना शत्रूच्या हद्दीत ढकलायचा आणि परतीच्या वाटेवर छातीवर यायचा. मेसोपोटेमियात, म्हणजे टेसिफॉनच्या आघाडीवर, तर शमाल वाऱ्याचा वेग तिथल्या फार्मान विमानांच्या वेगाहून जास्त असायचा. नाक घराकडे आणि विमान मागे मागे, ही अवस्था ज्या नियमांत बसत नाही, ते नियम त्या आकाशाचे नाहीत.

तोफखान्याच्या निरीक्षणात तर तयार खेळच पडून आहे, आणि तो कुणी उचलत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. १९१५ मध्ये ब्रिटिशांनी घड्याळाची सांकेतिक पद्धत आणली. लक्ष्य मध्यभागी, बारा वाजता उत्तर, भोवती अंतराची वर्तुळं आणि प्रत्येकाला एक अक्षर. गोळा लक्ष्याच्या पश्चिमेला दोनशे यार्डांवर पडला, तर वरून बिनतारी यंत्राने फक्त 'सी नऊ' एवढंच कळवायचं. त्यात मोठी गोम अशी, की विमानातून संदेश पाठवता यायचा, ऐकता मात्र यायचा नाही. खालची बॅटरी जमिनीवर कापडाचे पट्टे अंथरून उत्तर द्यायची. एका गड्याला बोलता येतं पण ऐकू येत नाही, दुसऱ्याला ऐकू येतं पण दिसत नाही. मी हा डाव दोन टेबलांमध्ये पडदा बांधून खेळवला. एका बाजूने चिठ्ठ्या जायच्या, दुसऱ्या बाजूने पांढऱ्या नाडीचे तुकडे वर धरले जायचे. दोन तास कुणी जागचं उठलं नाही.

त्यातूनच टेसिफॉनकडे वळलो. इथे मदतीला आला तो खेळ विमानाहून कितीतरी जुना. प्रशियाच्या राइसविट्झने १८२४ मध्ये सैन्यासाठी रचलेल्या 'क्रीगश्पील'मध्ये पंच असे. दोन्ही गड्यांना पंच दाखवील तेवढंच दिसे. तीच पद्धत घेतली. एका खोलीत सेनापती, समोर नकाशा आणि घड्याळ. दुसऱ्या खोलीत वैमानिक आणि पंच. वैमानिकाला जमिनीची चित्रं प्रत्येकी दहा सेकंद दाखवायची: तंबू, खंदक, धुळीचे लोट. किती पलटणी, ते त्यानेच ठरवायचं आणि स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहायची. मग फासा टाकायचा: गोळीबार, इंजिन, वारा.

पहिल्याच डावात घोळ झाला. पडलेल्या विमानाचा वैमानिक मी चहा प्यायला बाहेर सोडला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून सेनापतीने सगळं ओळखलं. तेव्हापासून नियम असा: विमान पडलं, तर वैमानिक त्याच खोलीत बसून राहणार, डाव संपेपर्यंत.

दुसरी अडचण अधिक खोल. इतिहास ठाऊक असलेला गडी हल्ला करतच नाही. गावांची नावं बदलून पाहिली; डाव पार निर्जीव झाला. शेवटी नावं परत घातली आणि कुमक अनिश्चित केली. पाच पत्त्यांतून पंच एक उचलतो. दोन पत्त्यांत ताजं सैन्य आहे, तिनांत नाही. सेनापतीने एक दिवस थांबायचं ठरवलं, तर शत्रूचं सैन्य वाढू शकतं. बगदाद लवकर घेण्यासाठी वरून तगादाही आहेच. आणि विमान न परतण्याला शंभर कारणं असतात. ३० जुलै १९१५ ला मर्झ आणि बर्न हे दोघे वैमानिक वाळवंटात उतरावं लागल्यावर मारले गेले. १३ नोव्हेंबरला, टेसिफॉनच्या आठवडाभर आधी, व्हाइट आणि यीट्स-ब्राउन बगदादजवळ तारायंत्राच्या तारा तोडायला उतरले आणि त्यांचं विमान तारेच्या खांबाला धडकलं. तेव्हा आकाश रिकामं राहिलं, तर त्याचा अर्थ काय? पुढे शत्रूची मोठी फौज आहे, की नुसतं इंजिन बंद पडलं?

जमिनीवरच्या चकत्यांचा निर्णय मी खूप दिवस लांबवला होता. हवाई खेळात पायदळ म्हणजे बहुधा एक राखाडी पट्टा. पण त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, आणि त्या तिन्ही माघारीनंतर कूतला पडलेल्या तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. १९१६ च्या एप्रिलमध्ये त्यांच्यासाठी विमानांतून धान्याची पोती टाकली गेली. काही नदीत पडली, काही तुर्कांच्या खंदकांत. २९ एप्रिलला सुमारे १३,००० जण शरण गेले. म्हणून माझ्या डावात प्रत्येक पलटणीची वेगळी चकती आहे, तिच्यावर तिचा क्रमांक आहे, आणि हल्ल्याचा हुकूम देताना सेनापतीने ती स्वतःच्या हाताने पुढे सरकवायची आहे.

गेल्या महिन्यातल्या डावात सेनापतीच्या खुर्चीत एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी दोन विमानं पाठवली. पहिलं परत आलं, चिठ्ठीत लिहिलं होतं: पूर्वीसारखंच, नवीन काही नाही. दुसऱ्याची वेळ टळली. ते उठून खिडकीशी गेले, परत आले, ११७ ची चकती हातात घेऊन बराच वेळ बसले. मग मला विचारलं, आणखी पाच मिनिटं थांबता येईल का. पंच म्हणून मी फासा त्यांच्यापुढे सरकवला.