एकट्याच्या खेळातील रडी : एक अर्थविचार

‘रडी’ या शब्दाच्या अर्थात प्रतिपक्ष गृहीत असतो; समोर कोणी नसेल तर रडी खाऊन फसवावयाचे कोणाला? संगणकावर एकट्याने खेळावयाच्या व्यूहप्रधान खेळांत गुप्त संकेत, म्हणजे ‘चीट’, वापरणारा आणि ‘मॉड’, म्हणजे खेळाडूंनीच रचलेले फेरफार, योजणारा यांना सरसकट एकच दोष लावला जातो, तेव्हा हे गृहीतक विसरले जाते.

‘एज ऑफ एम्पायर्स २’ (१९९९) मध्ये ‘मार्को’ हा शब्द टंकित करताच सारा नकाशा उघडतो. ‘लंबरजॅक’ म्हणताच भांडारात लाकूड येऊन पडते. हे संकेत निर्मात्यांनीच ठेवलेले असल्यामुळे येथे कोणाचा विश्वासघात होत नाही. हानी होते ती अर्थाची. लाकूड शेतीला द्यावे की धनुर्धरांना, हा प्रश्न लाकूड मर्यादित असेपर्यंतच प्रश्न असतो. भाषेला बुद्धिबळाची उपमा देणाऱ्या सोस्यूरने चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या संबंधातून ठरते, असे प्रतिपादिले. तोच न्याय येथे लागू पडतो : सर्वच पर्याय फुकट झाले की निवडीचे मूल्य शून्य होते.

मॉडची गोष्ट निराळी. ‘सिव्हिलायझेशन ४’ (२००५) च्या निर्मात्यांनी खेळाचे पुष्कळसे नियम बदलण्याजोगे ठेवले. त्यातून हौशी रचनाकारांनी ‘फॉल फ्रॉम हेवन’ हे मंत्रतंत्रांचे विश्व उभे केले, आणि त्यावर आधारलेला एक प्रवेश २००७ च्या ‘बियॉन्ड द सॉर्ड’ या अधिकृत पुरवणीत समाविष्ट झाला. चीट ही व्याकरणातून मिळालेली सूट होय. असा मॉड हे नवे व्याकरण होय.

तथापि ही सीमारेषा तांत्रिक नव्हे. केवळ सोने दुप्पट करणारा मॉड वृत्तीने चीटच ठरतो. उलट, पराभवानंतर चूक शोधण्यासाठी नकाशा उघडणारा नवशिका अभ्यासच करीत असतो. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ (२०१३) मधील ‘आयर्नमॅन’ पद्धतीत आज्ञापटल बंद राहते आणि मनाजोग्या जुन्या स्थितीकडे परतता येत नाही. परंतु हा निर्बंध ऐच्छिक आहे. कठोरपणा हे तेथे स्वीकारलेले व्रत आहे, लादलेला कायदा नव्हे.

सारांश, एकट्याच्या खेळात नियम मोडणे ही फसवणूक नव्हे. एका व्याकरणात मिळविलेला विजय दुसऱ्या व्याकरणातील म्हणून मिरविला जातो, तेव्हाच रडी घडते, मग ऐकणारा दुसरा असो वा खेळाडू स्वतःच.