पंखामागची हवा कुठे जाते?

पनवेलजवळच्या करंजाडे येथे एखाद्या इमारतीच्या गच्चीवर उभे राहिले, की नवी मुंबईच्या विमानतळावर ये-जा करणारी विमाने दिसतात. २५ डिसेंबर २०२५ रोजी तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि मुलांचा एक जुना प्रश्न पुन्हा वर्गात आला : एवढे जड विमान हवेत राहते कसे? असा प्रश्न आला की आपण शिक्षक फळ्याकडे वळतो आणि पंखाच्या छेदाचे एक ठरलेले चित्र काढतो. या लेखात आम्हाला त्या चित्राचीच तपासणी करायची आहे.

चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. पंख वरून फुगीर, खालून सपाट. समोरून येणारी हवा पंखाच्या पुढच्या कडेशी दुभंगते. वरच्या हवेचा रस्ता लांबचा, खालच्या हवेचा जवळचा. मागच्या कडेशी दोन्ही प्रवाह एकाच वेळी पोहोचले पाहिजेत, म्हणून वरची हवा वेगाने धावते. बर्नुलीच्या नियमानुसार वेग वाढला की दाब कमी होतो आणि विमान उचलले जाते. अनेक लोकप्रिय पुस्तकांत हे असेच दिलेले असते. आम्हीही वर्षानुवर्षे हेच शिकवले, मुलांनी हेच पाठ करून लिहिले आणि आम्ही पूर्ण गुण दिले.

बर्नुलीला दोष देण्याचे कारण नाही. पंखावरची हवा खरोखरच वेगाने जाते आणि तेथे दाब खरोखरच कमी असतो. चूक आहे ती ‘एकाच वेळी’ या शब्दांत. दुभंगलेल्या हवेने पुन्हा एकमेकींना गाठलेच पाहिजे, असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. केंब्रिज विद्यापीठातील होल्गर बाबिन्स्की यांनी २००३ साली शिक्षकांसाठी लिहिलेल्या एका लेखात पंखाभोवती सोडलेल्या धुराची छायाचित्रे दिली होती. त्यांत वरचा धूर खालच्या धुराच्या कितीतरी आधी मागच्या कडेपलीकडे गेलेला दिसतो. शिवाय कागदी विमानाचा पंख सपाट असतो, तरी ते तरंगते. कसरतीची विमाने उलटी होऊनही उडतात. फुगीरपणा हेच कारण असते, तर त्यांनी खाली यायला हवे होते.

पण आमच्या मते चित्रातील मोठी चूक पंखाच्या मागे आहे आणि तिकडे सहसा कोणी पाहत नाही. पंख ओलांडल्यावर प्रवाहरेषा पुन्हा आडव्या होतात, जणू काही घडलेच नाही! आता नववीतला न्यूटन आठवा. हवेने विमानाला वर ढकलले, तर विमानाने हवेला खाली ढकललेच पाहिजे. पंखामागची हवा आली तशीच आडवी निघून गेली असेल, तर पंखाला उचलणारे बल मिळालेलेच नाही. म्हणजे आपण फळ्यावर काढतो ते न उडणाऱ्या विमानाचे चित्र असते.

ही हवा किती खाली वळते, याचा ढोबळ हिशेब वर्गातही करता येतो. एअरबस ए-३२० जातीच्या विमानाचे वस्तुमान उतरताना ६० टन धरू, म्हणजे वजन सुमारे ६ लाख न्यूटन. वेग सेकंदाला ७० मीटर. पंखांचा विस्तार सुमारे ३४ मीटर आहे. तेवढ्या व्यासाच्या वर्तुळातून जाणारी हवा पंखाच्या कह्यात येते, असे मानण्याची पद्धत आहे. वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ९०० चौरस मीटर. घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरले, तर दर सेकंदाला सुमारे ७५ टन हवा हाताळली जाते. ६ लाखांना ७५ हजारांनी भागा : या हवेला सेकंदाला ८ मीटर इतका खाली जाणारा वेग मिळतो. विमान स्वतःच्या वजनाहून जास्त हवा दर सेकंदाला खाली ढकलत असते!

खाली वळलेला हा प्रवाह पंखांच्या टोकांशी गुंडाळला जातो आणि त्याचे दोन भोवरे बनतात. ते विमानामागे हळूहळू खाली उतरतात. म्हणूनच अवजड विमानामागून येणाऱ्या मध्यम विमानाला रडारवरील नियमाप्रमाणे ५ सागरी मैल, तर हलक्या विमानाला ६ सागरी मैल अंतर ठेवावे लागते. लंडनच्या हीथ्रो विमानतळालगतच्या घरांची कौले या भोवऱ्यांमुळे सरकतात. पुस्तकात आडवी जाणारी हवा प्रत्यक्षात छपरापर्यंत पोहोचते.

हाच नियम आडवा केला की पवनचक्क्यांना लागू पडतो. साताऱ्यातील वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या आहेत, तशा जेथे अनेक चक्क्या उभ्या असतात, तेथे पुढच्या चक्कीमागे मंद वाऱ्याची सावली पडते आणि मागचीला कमी वारा मिळतो. पुढची चक्की वाऱ्याशी किंचित तिरकी धरली, तर तिच्यामागचा प्रवाह बाजूला वळतो. तिची स्वतःची वीज थोडी घटते, मागच्यांची वाढते. वायव्य भारतातील एका पवनक्षेत्रावर ही युक्ती वापरून पाहिली गेली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सेकंदाला ६ ते ८ मीटर वेगाच्या वाऱ्यात एकूण ऊर्जा सुमारे ३ टक्क्यांनी वाढली. नवे यंत्र काहीच बसवले नव्हते. मागच्या हवेचा विचार तेवढा केला होता.

‘मुलांसाठी सोपे करून सांगावे लागते’, असा बचाव कोणी करील. तो आम्हाला मान्य आहे. पण सोपे करणे म्हणजे काही गोष्टी गाळणे, नसलेला नियम घालणे नव्हे. मात्र एक चूक काढून दुसरी घालू नये. हवा केवळ पंखाच्या खालच्या बाजूवर आपटते आणि वळते, हेही खरे नाही. वरची बाजूही हवेला आपल्या वक्रतेबरोबर खाली वळवते. दाबातील फरक आणि खाली गेलेली हवा या एकाच व्यवहाराच्या जमा आणि खर्चाच्या बाजू आहेत.

हे वर्गात दाखवायला नळ आणि चमचा पुरे. चमचा दांड्याच्या टोकाशी सैल धरून त्याची फुगीर पाठ धारेला हलकेच लावा. चमचा धारेकडे ओढला जातो, हे मुले लगेच सांगतील. तेथे थांबू नका. ‘आता धार कोणत्या बाजूला गेली?’ हे विचारा. ती उलट बाजूला वळलेली दिसेल. मग फळ्यावरच्या पंखामागील आडव्या रेषा पुसून खाली वळलेल्या काढा, आणि त्या तशा का, हे मुलांनाच सांगू द्या.